पाणी घालणाऱ्याचे नाव

(डभोई येथे देवस्थानच्या महाजन सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नाही, कीर्तनकारही नाही. देवळाच्या व्यवस्थेत काही वर्षे काम केलेला एक सामान्य महाजन म्हणूनच मी आपणापुढे उभा आहे. स्मरणिका निघते तेव्हा तीत देणगीदारांची नावे येतात, जीर्णोद्धाराचा वृत्तान्त येतो, पूर्वजांची छायाचित्रे येतात, आणि ते सर्व उचितच आहे. परंतु ज्याचे छायाचित्र कोणत्याही स्मरणिकेत छापले जात नाही, अशा एका माणसाचे स्मरण आज करावे असा माझा मानस आहे. हा माणूस म्हणजे रोपवाटिकेचा मालक, रोपे वाढवून विकणारा माणूस.

आपण डभोईत जमलो आहोत. हे गाव पुरातन आहे. वाघेला राजा वीसलदेव याच्या काळातील तेराव्या शतकाची प्रशस्ती येथे कोरलेली आहे. पूर्वेची हिरा भागोळ, पश्चिमेची वडोदरी, उत्तरेची चांपानेरी आणि दक्षिणेची नांदोदी या चार दरवाजांनी हे गाव ओळखले जाते. हिरा भागोळ घडविणाऱ्या हिरा नावाच्या कारागिराची आख्यायिका येथील लहान मूलही सांगते. आपणा मराठी कुटुंबांचा या भूमीशी संबंधही जुना आहे. 1731 साली याच परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. सेनापती तीत पडले आणि पुढे गुजरातेत गायकवाडांचे प्रस्थ वाढत गेले. 1862 साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम ही अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली, आणि आरंभी तिचे डबे चक्क बैल ओढीत असत. तो मार्ग कापसासाठी होता. आता 2021 पासून येथूनच चांदोदवरून केवडियापर्यंत रुंद मार्गाची गाडी जाते.

दगड घडविणाऱ्याचे नाव गावाने सातशे वर्षे जपले, लढाईत पडलेल्या सेनापतीचे जपले, रेल्वे घालणाऱ्या राजाचे जपले. तळ्याकाठी वड कोणी लावला, देवळाच्या आवारात बेल कोणी आणला, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. आपल्या धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त असे कर्माचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट होय. विहीर, तळे, देऊळ, अन्नदान आणि बाग हे पूर्त होय. म्हणजे देऊळ आणि बाग शास्त्राने एकाच पंक्तीत बसविली आहेत. आपण महाजनांनी देवळाचा ताळेबंद ठेवला, परंतु बागेचे खाते कोरे राहिले.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. ज्या देवस्थानाच्या कार्यकारिणीत मी अनेक वर्षे होतो, त्याचे नाव मी घेत नाही, कारण दोष त्या स्थानाचा नाही, आम्हा माणसांचा आहे. त्या देवळाच्या अंगणात दीपमाळेच्या डाव्या अंगाला एक जुनी बकुळ होती. माझ्या आजीच्या लहानपणीही ती होती, असे ती सांगत असे. पहाटे काकडआरतीला येणाऱ्या मुली परकराच्या ओच्यात तिची फुले वेचीत. सुकली तरी ज्याचा वास जात नाही असे ते फूल. आम्ही अंगणात फरशी बसविण्याचे ठरविले. मुळांनी फरशी उचलली जाईल, पाने पडून घाण होते, मंडपाला जागा अपुरी पडते, अशी तीन कारणे सभेत मांडण्यात आली. ठराव मताला टाकला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. एका दिवसात बकुळ पडली. दुसऱ्या दिवशी आरतीला आलेल्या एक वृद्ध बाई बराच वेळ त्या जागी उभ्या राहिल्या, आम्हा कोणाला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तशाच घरी परतल्या.

पुढील उन्हाळ्यात फरशी इतकी तापू लागली की प्रदक्षिणेसाठी काथ्याची पट्टी अंथरावी लागली. पावसाळ्यात जे पाणी पूर्वी मातीत मुरत असे, ते पायरीशी साचू लागले. तेव्हा माझे मन मला खाऊ लागले आणि नवी बकुळ आणावी म्हणून मी डभोईच्या वाटेवरील एका रोपवाटिकेत गेलो. तिचे वृद्ध मालक गुजराती गृहस्थ होते. आज ते हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेतलेली नसल्यामुळे त्यांचे नाव मी येथे घेत नाही. मी म्हणालो, "काका, बकुळीचे एक चांगले रोप द्या, पैशाची काळजी नाही." त्यांनी मला खाटेवर बसविले, पाणी दिले, आणि विचारले, "रोप कोठे लावणार?" मी म्हणालो, "देवळात." ते म्हणाले, "देवळात म्हणजे कोणाकडे? वैशाखात पाणी कोण घालणार?" मी म्हणालो, "कार्यकारिणी आहे." ते हसले आणि म्हणाले, "भाई, कार्यकारिणी पाणी घालीत नाही. एका माणसाचे नाव सांगा, मग रोप देतो."

त्या दिवशी मी रिकाम्या हातांनी परतलो. पैसे देऊनही माल न मिळण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग. आरंभी मला रागही आला. परंतु त्यानंतर मी त्यांच्याकडे वरचेवर जाऊ लागलो, आणि हा व्यवसाय काय आहे हे मला त्यांच्या शेजारी बसून थोडेफार कळले.

आपण बाजारातून कलम आणतो तेव्हा त्यामागील काळ आपणास दिसत नाही. आंब्याची कोय पेरली तर झाड येते, परंतु फळ मूळ झाडासारखेच येईल याचा भरवसा नसतो, आणि ते दिसण्यासही बरीच वर्षे लागतात. म्हणून कलम करावे लागते. भेटकलमाच्या रीतीत कोयीपासून वाढविलेले कुंडीतील रोप उचलून मातृवृक्षाच्या फांदीपाशी न्यावे लागते, प्रसंगी त्यासाठी मांडव घालावा लागतो. दोहोंच्या अंगावरची साल सारख्या मापाने तासून ती एकमेकांस भिडवून बांधतात. दोन-तीन महिन्यांत जखमा सांधतात, मग वरचा शेंडा आणि खालची फांदी टप्प्याटप्प्याने कापून नवे झाड वेगळे करतात. हापूस हे नावच मुळी पोर्तुगीज अफोन्सो या नावावरून आले, आणि ही जात शतकानुशतके टिकली ती अशा बांधणाऱ्या हातांमुळे. गुलाबाला डोळा भरतात, डाळिंबाला व लिंबाला गुटी बांधतात, जास्वंद फाट्यावर लागते. प्रत्येकाचा महिना ठरलेला आणि हातही ठरलेला. बांधणी सैल झाली तर सांधा धरत नाही, फार आवळली तर साल कापते. या सर्व खटाटोपात काही रोपे मरतात. ते काका मेलेल्या रोपांच्या कुंड्या फेकीत नसत, एका ओळीत ठेवीत, आणि प्रत्येकीत काय चुकले हे हाताखालच्या मुलाला विचारीत.

आपल्या देवकार्याचा आणि या व्यवसायाचा संबंध किती निकटचा आहे, याचा विचार आपण करीत नाही. विष्णूला तुळस, शंकराला बेल, गणपतीला दूर्वा व जास्वंद, दत्ताला औदुंबर, वटपौर्णिमेला वड, दसऱ्याला शमी व आपटा, तोरणाला आंब्याची डहाळी. पूजेच्या ताटातील निम्म्या वस्तू कोणीतरी प्रथम रोप म्हणून जगविलेल्या असतात. हल्ली दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पाने सोने म्हणून सर्रास विकली जातात, कारण आपटा तोडणारे पुष्कळ आणि लावणारे थोडे. सोने लुटण्याची प्रथा आपण पाळतो, पण ते सोने उगवण्याची सोय मात्र करीत नाही.

लहान रोपवाटिकावाल्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्याच्या वहीत उधारी असते, दिनचर्या नसते. म्हणून याच कुळीतील, परंतु ज्याचे आयुष्य नोंदले गेले आहे अशा एका थोर माळ्याची कथा मी आपणापुढे ठेवतो. ती बडोदा संस्थानाशी निगडित असल्याने आपणास जवळची वाटेल.

गुस्ताव हर्मन क्रुंबिगल यांचा जन्म 1865 साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळील लोमेन या गावी झाला. बागकामाचे शिक्षण त्यांनी पिलनित्स येथे घेतले. 1888 च्या सुमारास ते इंग्लंडला गेले आणि पुढे क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानात काम करू लागले. तेथून 1893 साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले, आणि संस्थानाच्या उद्यानांचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.

ते वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच 1893 साली तरुण अरविंद घोष विलायतेहून परत येऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्याच वर्षी महाराजांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला, जो 1906 साली साऱ्या संस्थानास लागू झाला. कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या त्या राजाची दृष्टी अशी होती की, शाळेला शिक्षक हवा तसा बागेला जाणता माळी हवा, आणि तो जगात जेथे मिळेल तेथून आणावा. विश्वामित्रीच्या काठचा कमाटीबाग, म्हणजे आजचा सयाजीबाग, 1879 सालचा. तेव्हा महाराज अल्पवयीन होते आणि दिवाणगिरी तंजावरच्या मराठी परंपरेतील सर टी. माधवराव यांच्याकडे होती. 1890 साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग आखणारे विल्यम गोल्डरिंग हेही क्यू येथूनच आलेले. बडोद्याची हिरवी ओळख अशा रीतीने घडत होती, आणि क्रुंबिगल साहेबांची उमेदीची सुमारे चौदा वर्षे तिच्यात गेली.

या चौदा वर्षांतच 1899-1900 चा, संवत 1956 चा म्हणून 'छप्पनियो' या नावाने गुजरातेत ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे देशोधडीला लागली. ज्या काळात माणसाच्या तोंडी पाणी पडण्याची भ्रांत, त्या काळात झाड जगविणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला ठाऊक होते. दुष्काळ सरल्यावर जी झाडे उरतात, त्यांच्याच बियांवर पुढची बाग उभी राहते.

पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वाडियार महाराजांनी त्यांना बोलावून घेतले, आणि 1908 साली ते बंगळूरच्या लालबागेत रुजू झाले. ही बाग मूळची हैदरअलीच्या काळची. क्रुंबिगल साहेबांनी तिचा विस्तार केला, देशोदेशींच्या उद्यानांशी बी-बियाणांची व रोपांची देवघेव वाढविली, आणि 1912 साली म्हैसूर उद्यानविद्या संस्था स्थापन होण्यास ते कारणीभूत झाले. बंगळूरचे रस्ते वर्षातील निरनिराळ्या ऋतूंत क्रमाने फुलत राहावेत, एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशी झाडांची योजना त्यांच्या नावाशी जोडली जाते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सर विश्वेश्वरय्या आणि नंतर सर मिर्झा इस्माईल अशा दिवाणांच्या काळात त्यांनी काम केले. कृष्णराजसागर धरणाखालील वृंदावन उद्यानाच्या आखणीतही त्यांचा हात होता.

परंतु या आयुष्याला दुसरी बाजूही आहे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, ते जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात ते सत्तरी ओलांडलेले होते, तरीही तोच प्रसंग त्यांच्यावर पुन्हा आला. ज्या मुलखात त्यांनी तारुण्यापासून वृद्धापकाळापर्यंत झाडे लावली, त्याच मुलखात दोनदा ते शत्रू ठरले. त्यांनी मुलूख सोडला नाही. 1932 साली लालबागेची सूत्रे एच. सी. जवराय या भारतीय उद्यानतज्ज्ञाकडे आली. पुढे एम. एच. मरीगौडा यांनी कर्नाटकाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी फळबागा आणि रोपवाटिका उभारल्या. 1956 साली क्रुंबिगल साहेबांनी बंगळुरातच देह ठेवला आणि त्याच मातीत ते विसावले. लालबागेत त्यांच्या नावाची एक जुनी वास्तू होती. दुरुस्तीअभावी ती जीर्ण झाली आणि 2017 साली कोसळली. त्यांच्या योजनेतली झाडांची परंपरा मात्र रस्त्यांवर अजून फुलते आहे.

ही कथा मी येथे का सांगितली? एक, परक्या मातीत झाड रुजविणारा मनुष्य त्या मातीचा होतो, हे आपणा मराठी कुटुंबांइतके कोणास कळावे? आपले पूर्वजही या गुजरातेत बाहेरून आले आणि येथे रुजले. दोन, वास्तूला दुरुस्ती लागते तशी झाडालाही निगा लागते, आणि दोहोंसाठी निधीच्या आधी माणूस लागतो. साहेबांच्या पाठीमागे शिकलेली माणसे उभी राहिली म्हणून काम टिकले. आमच्या त्या वृद्ध काकांचा प्रश्नही तोच होता.

काकांचे आयुष्य मला जेवढे दिसले तेवढे सांगतो. पहाट झाली की ते झारीने रोपांना पाणी घालीत, आणि ऊन चढल्यावर एक थेंबही घालू देत नसत. पानगळ ते जाळू देत नसत, खड्ड्यात कुजवून तिचे खत करीत. चांदोदला नर्मदा आणि ओरसंग यांच्या संगमावर श्राद्धासाठी निघालेले लोक त्यांच्याकडे थांबत. वडिलांच्या नावाने एखादे झाड लावा, असे ते त्यांना सुचवीत. कोणी गरीब असल्यास रोपाचे पैसे घेत नसत, पण नाव मात्र विचारीत. त्यांच्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर पैशाचे आकडे नव्हते. तेथे गाव, झाड आणि पाणी घालणाऱ्याचे नाव अशी ओळीने नोंद होती. त्या गावी जाण्याचा प्रसंग आला की ते झाड पाहून येत, आणि झाड मेले असल्यास नावापुढे फुली मारीत. एकदा मी विचारले, "काका, ही फुली त्या माणसाला दाखविता का?" ते म्हणाले, "त्याला कशाला? मला कळावे म्हणून. पुढच्या वेळी त्याला कडुनिंब द्यायचा, बकुळ द्यायची नाही."

तिसऱ्या खेपेस मी त्यांना नाव सांगितले, ते माझे स्वतःचे. त्यांनी वहीत ते लिहून घेतले आणि गुडघ्याएवढे रोप माझ्या हाती दिले. देवळाच्या कार्यकारिणीला सांगून मी फरशीचे चार तुकडे काढविले आणि आळे करविले. त्या वैशाखात रोज पहाटे मी स्वतः पाणी घातले. लोक हसले. साठी ओलांडलेला माणूस, हाती कळशी, हे दृश्य हसण्यासारखे असेलही. पाचव्या वर्षी काका ते झाड पाहण्यास येणार होते, पण त्यांना आजाराने गाठले आणि ते गेले. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे फुली पडली नाही, एवढेच समाधान मी बाळगून आहे.

महाजनहो, आपण देवळाचे मालक नाही, सेवेकरी आहोत, हे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. याची कसोटी फार सोपी आहे. जे फळ आपण खाणार नाही, ज्या सावलीत आपण बसणार नाही, तिच्यासाठी आपण आज काय करतो? मालक आपल्या हयातीचा हिशेब करतो. सेवेकऱ्याला पुढील पुजाऱ्याचा आणि पुढील आरतीचा हिशेब करावा लागतो. बकुळ तोडताना आम्ही मालकासारखे वागलो.

म्हणून या सभेपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. आवारात फरशी बसविताना प्रत्येक झाडाभोवती माणूस हात पसरून उभा राहील एवढे आळे मोकळे ठेवावे, कारण मुळांनाही श्वास लागतो आणि पावसालाही वाट लागते. रोजचे निर्माल्य नदीत सोडण्याऐवजी त्यातील सूत व प्लास्टिक वेगळे काढून, आवाराच्या कोपऱ्यात एका खड्ड्यात त्याचे खत करावे आणि त्यावर बेल, शमी, आपटा, औदुंबर, बकुळ यांची एक लहानशी रोपवाटिका चालवावी. लग्न-मुंजीच्या आहेरात आणि पितरांच्या तिथीस तेथील रोप द्यावे. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त असून पाळण्यास सर्वांत कठीण आहे. देवस्थानच्या दप्तरात एक वही ठेवावी. तीत दान देणाऱ्याचे नाव नको, त्यासाठी संगमरवरी पाट्या आहेत. तीत झाडाचे नाव आणि त्याला वैशाखात पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे. जो नाव देईल त्यालाच रोप द्यावे.

हिरा भागोळ घडविणाऱ्याचे नाव सातशे वर्षे टिकले. पाणी घालणाऱ्याचे नाव तितके टिकणार नाही, आणि टिकावे असा त्याचा हट्टही नसतो. परंतु एखाद्या पहाटे आपली नात देवळाच्या अंगणात वाकून फुले वेचील, तेव्हा कोणीतरी कधीतरी येथे कळशी घेऊन आले होते, एवढे तरी तिला कळावे. ती वही त्यासाठी. पहिले नाव मी माझे देतो. दुसरे नाव या सभेतून यावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.